शिवलेलं पुडकं

वाई, ८ डिसेंबर २०२४

नाथाजी,

पत्राच्या डोक्यावर ‘चिरंजीव’ लिहायची रीत आहे. तीन वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस, तेव्हा तो शब्द तूर्त राखून ठेवते. तोवर नुसत्या नाथाजीवर भागव.

हा कागद सीमेअलीकडच्या रक्सौलचे मिश्रा वकील पूल ओलांडून वीरगंजच्या कारागारात आणून देतील. ते म्हणाले, आत जाणारा कागद तिथले साहेब आधी पाहतात. नेपाळीची लिपी आपलीच, त्यामुळे त्यांना अक्षरं सगळी लागतील आणि अर्थ अर्धामुर्धा. माझ्या नववीच्या वर्गाचं संस्कृतच्या बाबतीत हेच आहे, तेव्हा मला सवय आहे. साहेब, नमस्कार. हा माझा धाकटा भाऊ. हट्टी आहे, चोर नाही.

साहेबांसाठी आमची रीत सांगते, म्हणजे तुझा जबाब त्यांना नवा वेडेपणा न वाटता आमचा नेहमीचा वेडेपणा वाटेल. विट्याच्या आसपासची आमची माणसं मुलूखभर सोनं गाळायची दुकानं टाकतात. सीमेपलीकडे वीरगंजलाही आमच्या गावची चार घरं याच धंद्यात आहेत, त्यांतलंच एक याचं. कोणी गावी निघाला की बाकीचे आपापल्या घरच्यांसाठी त्याच्याजवळ पुडकं देतात. कापडात बांधून, दाभणानं शिवून. नेणाऱ्यानं ते उघडायचं नाही. आत काय आहे ते विचारायचंही नाही. विचारलं तर देणाऱ्याचा अपमान आणि नेणाऱ्याची शोभा. दिवसभर दुसऱ्याचं सोनं हाताळणाऱ्या माणसाचं भांडवलच हे, की तो परक्याची गाठ सोडत नाही.

तर तू दिवाळीला अशी गोणीभर पुडकी घेऊन निघालास. पुलाच्या तिकडच्या टोकाला भन्सारवर (तिकडच्या जकातीचं हे नाव, माझ्या शब्दसंग्रहात यंदाच्या दिवाळीची भर) त्यांनी सगळी उसवली. एका पुडक्यात शाल निघाली आणि शालीच्या घड्यांत सोन्याच्या पट्ट्या. कोणाचं म्हणून विचारलं तर तू सांगितलंस, “माझंच.”

नाथाजी, तुझं असतं तर त्यात शाल नसती. क्रांतीला लग्नानंतर तू कधी शाल घेतली आहेस? तिला विचारलं, तर ती अशा स्थितीतही हसली.

वकील म्हणतात, संक्रांतीनंतर सुनावणी आहे. पुडकं देणाऱ्याचं नाव सांगितलंस तर कोर्ट ऐकून घेईल. नाही सांगितलंस तर वर्षं जातील. किती, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

नाव सांग. एवढंच मागते.

जयराजची काळजी नको. तुझ्या मते तुझ्या मुलाला मी भट्टीवरून उठवून पंडित केला. तो पंडित रोज एसटीनं साताऱ्याला कॉलेजात जातो आणि रात्री माझ्याकडे चार पोळ्या जेवतो. आपलं भांडण याच मुद्द्यावर अडलं आहे. तू सुटून आलास की तिथूनच पुढे चालू करू.

आक्का


गावाहून, १९ डिसेंबर

नाथाजी,

शाळेतून रजा काढून क्रांतीजवळ येऊन राहिले आहे. तुझी बायको रडत नाही, ही मला अडचणीची गोष्ट वाटते. रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे. ही दिवसभर कामं काढते. काल तिनं धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

लोक येतात. तुझी चौकशी करतात, चहा घेतात, आणि उंबऱ्याशी चपला घालताना खरा विषय काढतात.

वीरगंजच्या नानासोच्या बायकोचा आष्ट्याहून फोन आला. “वैनी, भावजी सुटतील वो. पर आमच्या पुडक्यात पोराचं बूट हुतं. त्याचा पाय वाढायलाय.”

जोतिबाअण्णा स्वतः काठी टेकत आले. माझ्याकडे बघून म्हणाले, “संयोगिता, तू शिकल्याली बाई हाईस. मला सांग, मानूस सुटतो तवा छत्री बी सुटती का?”

म्हटलं, “अण्णा, कसली छत्री?”

“माझ्या लेकानं धाडलीती. बटन दाबलं की उघडती.”

मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की माणूस आधी आणि छत्री मागाहून, असा साधारण न्याय आहे. ते समाधान पावून गेले. क्रांती आतून म्हणाली, “वन्सं, सगळ्यांना हेच सांगा. मला आता ‘सरकारजमा झालं’ म्हनायचा कंटाळा आलाय.”

हसण्यावारी नेते, पण पाटी कोरी ठेवल्यासारखं तू गप्प आहेस त्यानं माझी झोप गेली आहे. वकिलांनी तुला दोनदा विचारलं, तू दोनदा ‘माझंच’ म्हणालास. कोणाला एवढा धरून बसला आहेस?

जयराजची परीक्षा जवळ आली आहे, म्हणून तो लिहीत नाही.

आणि हो, रक्सौलकडे या दिवसांत थंडी कितपत असते? सहज विचारते.

आक्का


गावाहून, २८ डिसेंबर

नाथाजी,

मागच्या पत्रात मी थंडीची चौकशी सहज केली नव्हती.

जयराज तुला भेटायला निघून गेला आहे. मी त्याला अडवलं, त्यानं ऐकलं नाही. हा गुण माझ्याकडून गेलेला नाही. “आत्या, बाप तिथं आन मी हितं शब्द पाठ करत बसू?” असं म्हणाला. शब्द मीच पाठ करायला दिले होते.

जाताना मी त्याला प्रवासाचं शास्त्र सांगितलं. मतदार ओळखपत्र वरच्या खिशात ठेव. गाडीत कोणी पेढा दिला तर खाऊ नकोस. पुलावर तपासणीला उभा राहिलास तर विनोद करू नकोस. अनोळखी माणसाची पिशवी क्षणभरही धरू नकोस.

तो हसला. “आत्या, अनोळखी मानसाची पिशवी कोन धरतंय?”

तेव्हा मीही हसले.

विट्याच्या स्टँडवर त्याला सोडायला गेलो तर रंगूकाकी पदरानं घाम पुसत येऊन उभी. तिचे ज्ञानूतात्या गेल्यापासून ती फार वाकली आहे. वीरगंजला दादासोसाठी पुडकं आणलं होतं, शिवलेलं. “एवढं माझ्या लेकाला दे रं बाळा. आन त्याच्याकडंच ऱ्हा, हाटेलात उतरू नगंस.” जयराजनं पुडकं घेतलं, पाया पडला, गाडीत बसला. मला त्यात काही खटकलं नाही. मी वाईची झाले तरी मूळची इथलीच. शिवलेलं पुडकं दिसलं की माझेही डोळे आपोआप दुसरीकडे वळतात.

धुक्यामुळे गाडी पाटण्याच्या अलीकडे अडकून पडली. भेटीचा वार त्या धुक्यातच गेला, आणि पुढच्या वारी मिश्रा वकिलांना सवड नाही. परवा त्यानं रक्सौलहून फोन केला. म्हणाला, “पूल ओलांडतो, दादासोकाकाकडं पुडकं देतो, आनि निदान पपांच्या जेलची भिंत तरी बघून येतो.” पुलाच्या पलीकडे आपलं सिमकार्ड मरतं. तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे.

आता खरं सांगते. आज दुपारी क्रांती ज्वारी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “वन्सं, एक इचारू? पुडक्याचं इचारायला समदं गाव येऊन गेलं. रंगूकाकी न्हाई आल्या.”

“त्यांना बरं वाटत नसेल असं विचारायला.”

“त्या चार वाट्या दह्यासाठी भांडत्यात. आन ह्यांनी निघायच्या आदल्या दिवशी फोन केलता तवा म्हनले हुते, दादासोचं पुडकं लय जड हाय, आईला धाडतोय. जड म्हनजे काय असंल, म्हनून मी इचारलं पन. तर माझ्यावरच खेकसले, ‘आपन इचारायचं असतं का?’”

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. मी उठून जयराजचा बंद फोन पुन्हा लावून पाहिला.

नाथाजी, ते शालीचं पुडकं दादासोचं का? मग तुझं गप्प बसणं मला कळलं. आई गेली त्या वर्षी आपण दोघं कोणाच्या चुलीपुढे जेवत होतो, ते मी विसरलेले नाही. तूही नाहीस.

पण जरा पुढचं बघ. जाणाऱ्याच्या हाती पुडकं गेलं की येणाऱ्याच्या हाती पुडकं येतं. रिकाम्या हातानं परत धाडणं आपल्यात कोणी करत नाही. तुझा मुलगा आज दादासोच्या घरी जेवतो आहे, आणि दोन-चार दिवसांनी त्याच पुलावर उभा राहणार आहे. गाठ सोडू नये, हे त्याला आपण सगळ्यांनी मिळून शिकवलं. व्याकरण विसरेल, हे विसरणार नाही.

त्याच्याशी बोलायचं तर दादासोच्याच फोनवरून. त्या फोनवर मी काय बोलणार?

हे पत्र आत्ता पाठवत नाही. जयराज पलीकडे असेतो दादासोचं नाव असलेला कागद पूल ओलांडता कामा नये. तुला लिहिलं नाही तर मात्र मी कोणाशी बोलू? उद्या क्रांती म्हणते आहे की रंगूकाकीकडे जाऊ. मी म्हणते, काय विचारायचं? तुमचा लेक चोर आहे का?

आक्का


गावाहून, ३१ डिसेंबर

नाथाजी,

दोन दिवस मी शब्द जुळवत बसले. शेवटी आज सकाळी क्रांतीनं माझ्या चपला माझ्यापुढे आणून ठेवल्या.

रंगूकाकी अंगणात शेंगा फोडत होती. आम्हाला बघून सरकली, पोत्यावर जागा केली. मी तीस वर्षं लोकांना वाक्यं बांधायला शिकवते, पण मला पहिलं वाक्य सापडेना. क्रांतीनंच विचारलं.

“काकी, दिवाळीला दादासोभावजींनी तुमाला काय धाडलं हुतं?”

“मला? मला काय धाडतोय त्यो. यंदा काय न्हाई जमत आये, म्हनला. मी म्हनलं, नगं मला. तू ये म्हंजे झालं.”

“पुडकं न्हाई धाडलं?”

“न्हाई गं. का?”

 काकीच्या हातातली शेंग फुटली, दाणे निघाले, आणि ती ते टोपलीत टाकायचं विसरली. लिहिणं-वाचणं तिला येत नाही. पण आमची दोघींची तोंडं तिनं अक्षर न अक्षर वाचली. हळूच म्हणाली, “नाथाजीच्या गोनीत त्याचं पुडकं हुतं?”

क्रांती म्हणाली, “हुतं. तुमच्या नावाचं.”

काकीनं मांडीवरची टरफलं झटकली. मला वाटलं, आता ती आम्हाला हाकलेल. तो तिचा अधिकार होता. ती म्हणाली, “फोन लाव.”

मी लावला आणि आवाज मोठा केला. दादासो आनंदानं बोलत होता. “आये, जयराज लय गुनाचा पोरगा हाय. चार-पाच दिस ठेवून घेतला. चटनी पोचली तुजी.”

“त्याच्या हातनं काय धाडलंस?”

“शाल धाडली तुला. थंडी हाय न्हवं.”

“शाल?”

“व्हय. लय ऊबदार हाय.”

“मला शाल नगं.”

 पलीकडे मागून कुठल्या तरी दुकानातलं गाणं ऐकू येत होतं.

“दादासो, जयराज कुठं हाय?”

“आत्ताच गेला की. टांग्यात बसवून आलो. पुलाकडं.”

“मग पळ.”

“आये, तू काय बोलतीस...”

“माझ्या नावाचं शिवलंयस न्हवं? मी सांगती, परत आन. पळ म्हनते ना.”

फोन तुटला. तिनं तो माझ्या हातात असा ठेवला, जशी तुम्ही भट्टीवरची सोन्याची लालबुंद मूस चिमट्यानं खाली ठेवता.

त्यानंतर दादासोचा फोन लागत नाही. जयराजचा बंदच आहे. तो टांगा किती वेगानं जातो, पुलावर रांग किती असते, दादासो पळाला का, आणि पळाला तर कुठल्या दिशेला, यातलं मला काहीच ठाऊक नाही. क्रांती पुन्हा धुतलेली भांडी धुते आहे. आज मीही तिच्याबरोबर विसळत बसले.

रंगूकाकी घरी जायला तयार नाही. आमच्या ओट्यावर बसली आहे. जेवायला वाढलं तर ताट बाजूला सारून म्हणाली, “पोराचा फोन येऊ दे आधी.” कोणत्या पोराचा, ते मी विचारलं नाही.

आक्का


गावाहून, ६ जानेवारी २०२५

चिरंजीव नाथाजीस,

बघ, राखून ठेवलेला शब्द दिला. जयराज घरी आला आहे. ३१च्या रात्री रक्सौलहून त्याचा ‘पूल ओलांडला, गाडी धरतो’ एवढाच फोन आला, तेव्हा कुठे रंगूकाकी जेवली. मागच्या दोन पत्रांसह हे पाठवते आहे. साहेबांनी सगळं क्रमानं वाचावं आणि जिथे अर्थ लागणार नाही तिथे मिश्रा वकिलांना विचारावं.

परवा, तो आला त्या संध्याकाळी, रंगूकाकी आमच्याकडेच होती. जयराज पाणीही न पिता सांगायला बसला. त्याला अजून पुरतं कळलेलं नव्हतं, त्यामुळे तो गंमत म्हणून सांगत होता.

“आत्या, दादासोकाकांचं डोकं फिरलंय. मला टांग्यात बसवलं, पुडकं मांडीवर दिलं. पुलाकडं पोचतोय, पुढं दोन टांगं आन एक ट्रक, मग भन्सार. तेवढ्यात मागनं कोनतर ओरडतंय. बघतोय तर काका! एका पायात चप्पल न्हाई. येऊन माझ्या मांडीवरचं पुडकं वढलं. म्हनले, चुकून दुसऱ्याचं दिलं रं. मी म्हनलं, मग आजीचं कुठाय? तर काय बोलनात. पुडकं छातीशी धरून उलट्या पावली पळालं. तिथं माझी पिशवी झाडून झाडून बघितली त्यांनी. साबनाची वडीसुदीक मोडली. अलीकडं आपल्या जवानांनी परत बघितली.”

मग त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरत गेला. हुशार आहे तुझा मुलगा. दोन टांगे आणि एक ट्रक म्हणजे किती अंतर, ते त्याला तिथेच बसल्या बसल्या कळलं. क्रांती उठून त्याच्याजवळ गेली, त्याचे दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले, लहानपणी मातीत खेळून आल्यावर बघायची तसे. आणि मग एकदाची रडली. मला फार बरं वाटलं.

नाथाजी, दिलेलं पुडकं परत घेणारा माणूस आपल्या गावात आजवर झाला नव्हता. रंगूकाकीला यापेक्षा वेगळा पुरावा नको होता. ती भिंतीला धरून उठली, जयराजच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला विचारलं, “पळत आला म्हनतोस? जोरात पळत आला का?”

“व्हय आजी. धाप लागलीती त्यास्नी.”

“एवढं तरी केलं,” ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. जे म्हणाली ते शब्दाला शब्द देते. माझ्या पदरचं त्यात काही नाही.

“नाथाजीला लिव्ह. म्हनावं, माझ्या नावाचं पुडकं हुतं, तर माझा हक हाय. मी त्याची गाठ सोडली. दादासोचं नाव घे म्हनावं. माझ्या चुलीवरचं खाल्लंस म्हनून गप बसलास, कळलं मला. पर मी तुला जेवाय घातलं त्ये जेलात बसाया न्हवं.”

मी म्हटलं, “काकी, तो तुमचा लेक आहे. त्याला धरतील.”

“मला काय ठावं न्हाई व्हय? त्याला धरतील तवा मी जाईन भेटाया. जयराजला रस्ता ठावा झालाय आता.”

दादासोचं दुकान त्या दिवसापासून बंद आहे. माझं मत विचारशील तर तो परत कुठेतरी मूस मांडेल किंवा आईच्या दारात येईल. ती रोज संध्याकाळी ओट्यावर बसते, यावरून तिचं मत काय आहे ते कळतं.

संक्रांतीला आठवडा उरला आहे. आता ‘माझंच’ म्हणायला तुला सबब उरली नाही. रीत मोडल्याचा दोष तुझ्याकडे येत नाही. जिच्या नावाची गाठ, तिनंच ती सोडली आहे. मिश्रा वकील कागद घेऊन येतील, त्यांना नाव सांग आणि सही कर. जयराजला पुन्हा पूल ओलांडायचा आहे. या वेळी भेटीच्या वारी, तुझ्यासमोर उभं राहायला. त्याच्याशी तरी बोल. माझ्याशी अबोला ठेवायचा असेल तर इथे येऊन ठेव.

सोबत पुडकं आहे. रंगूकाकीनं दिलंय, तुझ्यासाठी. शेंगांची चटणी आणि कडक भाकरी, वाटेत टिकते म्हणून. कापडात बांधून झाल्यावर सवयीनं मी दाभण पुढे केलं. तिनं माझा हात बाजूला सारला.

“न्हाई शिवायचं. उघडंच जाऊ दे.”

साहेब, जरूर पाहावं. चटणी तिखट आहे.

आक्का